परवाना आधी संपतो की विमा? स्प्रेडशीटमध्ये तारखांची तुलना करताना

मे महिना संपत आला की कोकण किनाऱ्यावरच्या बंदरांत नौका वर काढण्याची घाई उडते. सर्वसाधारणपणे १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. त्यामुळे जाळी घरी येतात, इंजिने दुरुस्तीला जातात आणि मच्छीमार सोसायट्यांच्या कार्यालयांत कागदपत्रांचे दिवस सुरू होतात. बंदी उठल्यावर पहिल्याच दिवशी समुद्रात जायचे असेल तर मासेमारी परवाना आणि नौकेचा विमा हे दोन्ही त्या दिवशी चालू असावे लागतात. कोणत्या नौकेचा कोणता कागद आधी संपतो हे पाहण्याचे काम पूर्वी वहीवर बोट फिरवून होत असे. आता ते बहुतेक ठिकाणी एक्सेल, गूगल शीट्स किंवा लिबर ऑफिस कॅल्क यांपैकी एखाद्या स्प्रेडशीटमध्ये होते. आमच्या सोसायटीचे असे पत्रक मी काही वर्षे सांभाळतो आहे.

२०२५ च्या जुलै महिन्यात एक नाखवा विम्याची पॉलिसी हातात घेऊन कार्यालयात आले आणि म्हणाले, "भाऊ, कागदावर बारा जून आहे. तुमच्या यादीत सहा डिसेंबर कसा?" त्यांचा विमा महिनाभरापूर्वी संपला होता आणि आमच्या यादीत मात्र त्यांची नौका निर्धोक दिसत होती. यादी बाहेरच्या एका टंकलेखन केंद्रातून करून घेतली होती आणि तिथल्या संगणकावर तारखेची मांडणी अमेरिकी पद्धतीची होती, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस. टंकित करणाऱ्याने १२/०६/२०२५ असे बरोबरच लिहिले होते, परंतु संगणकाने त्याचा अर्थ सहा डिसेंबर असा घेतला. आमची सूत्रे चुकलेली नव्हती. ज्या तारखांची तुलना ती करत होती त्या तारखाच वेगळ्या होत्या. तेव्हापासून तारखा पाहण्याची माझी पद्धत बदलली, आणि ती इथे सविस्तर मांडत आहे.

आधी एक सूचना. या लेखात फंक्शनांची नावे, रकान्यांची अक्षरे आणि अंक देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष पत्रकात ते सर्व रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांतच टंकित करावे.

तारीख म्हणजे दिवसांची मोजणी

सेलमध्ये आपल्याला "०१-०६-२०२५" दिसते, पण स्प्रेडशीट आत ४५८०९ हा आकडा साठवते. एक्सेलने १ जानेवारी १९०० या दिवसाला १ हा क्रमांक दिला आहे आणि तिथून पुढच्या प्रत्येक दिवसाला एकेक वाढता क्रमांक मिळतो. सेलचे फॉरमॅट बदलून "जनरल" केले की हा आकडा उघडा दिसतो. दिवस आधी, महिना आधी, महिन्याचे नाव अक्षरी, हे सगळे त्या आकड्यावर चढवलेले कपडे आहेत. कपडे बदलल्याने आकडा बदलत नाही. म्हणूनच दोन तारखांची तुलना मुळात फार सोपी असते. सी रकान्यात परवान्याची आणि डी रकान्यात विम्याची समाप्ती असेल, तर =सी२<डी२ एवढे लिहिले की परवाना आधी संपत असल्यास "ट्रू" आणि नसल्यास "फॉल्स" असे उत्तर मिळते. मोठा आकडा म्हणजे नंतरची तारीख, लहान आकडा म्हणजे आधीची.

या मोजणीत एक जुनी चूक मुद्दाम जपलेली आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हते, कारण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप वर्ष धरतात. तरीही एक्सेलमध्ये ६० या क्रमांकावर २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उजाडलेली तारीख आहे. लोटस १-२-३ या त्या काळच्या लोकप्रिय स्प्रेडशीटमध्ये ही चूक होती आणि तिच्यातली पत्रके जशीच्या तशी वापरता यावीत म्हणून एक्सेलनेही ती स्वीकारली. कॅल्क आणि गूगल शीट्स यांनी शून्याचा दिवस ३० डिसेंबर १८९९ धरला, त्यामुळे १ मार्च १९०० पासून पुढे तिन्हींचे आकडे जुळतात आणि आपल्या रोजच्या कामात काही फरक पडत नाही. फरक पडतो तो जुन्या मॅकिंटॉश संगणकांवर तयार झालेल्या एक्सेल फायलींमध्ये. तिथे मोजणी १९०४ पासून सुरू होते, आणि अशा फायलीतून तारखा उचलून दुसरीकडे चिकटवल्या तर त्या १४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षे आणि एका दिवसाने सरकतात. सगळ्याच तारखा चार वर्षांनी चुकलेल्या दिसल्या तर कारण बहुधा हेच असते.

आकडे असल्यामुळे वजाबाकीही थेट करता येते, पण तिथे एक दिवस निसटतो. ३१ जुलै २०२५ चा क्रमांक ४५८६९ आहे. त्यातून १ जूनचे ४५८०९ वजा केले की ६० उरतात, आणि बंदीचा काळ मात्र ६१ दिवसांचा आहे. वजाबाकी दोन दिवसांमधले अंतर सांगते. पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस धरून मोजायचे असेल तर एक मिळवावा लागतो. खलाशांची हजेरी असो, भाड्याचे दिवस असोत की व्याज असो, आपल्याला अंतर हवे आहे की दिवसांची संख्या, हे सूत्र लिहिण्याआधी ठरवावे.

रेल्वेच्या आरक्षणाचे गणित अंतराचे आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. मुंबईहून शनिवारी १२ सप्टेंबरला निघणाऱ्या चाकरमान्याने सेलमध्ये ती तारीख लिहून त्यातून ६० वजा केले की १४ जुलै २०२६ ही आरक्षण उघडण्याची तारीख मिळते. इथे एक मिळवायचा नाही.

तारखेसारखा दिसणारा मजकूर

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. सेलमध्ये तारखेसारखे काही दिसते आहे म्हणून आत आकडा असेलच असे नाही. "१२.०६.२०२५" असे टिंबे देऊन लिहिण्याची आपल्याकडे सरकारी पत्रव्यवहारात सवय आहे, आणि भारतीय मांडणीच्या संगणकावर एक्सेल त्याला सामान्यतः तारीख मानत नाही, तो त्याच्या लेखी निव्वळ मजकूर असतो. तारखेच्या आधी किंवा नंतर राहिलेली रिकामी जागा, "दि." हे अक्षर, दुसऱ्या प्रणालीतून उतरवलेली यादी, यांमुळेही तसेच होते.

मजकूर आणि आकडा यांची तुलना करताना स्प्रेडशीट चूक दाखवत नाही, हा यातला सर्वांत मोठा धोका आहे. एक्सेलचा नियम असा की कोणताही मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठाच. त्यामुळे परवान्याची तारीख मजकूर असेल आणि विम्याची खरी तारीख असेल, तर परवाना २०१९ साली संपलेला असला तरी तो विम्यानंतरच संपतो असे उत्तर येते. दोन्ही मजकूर असतील तर तुलना अक्षरांच्या क्रमाने होते, आणि मग "०५/१०/२०२५" हे "१२/०१/२०२५" च्या आधीचे ठरते, कारण शून्य हा एकाच्या आधी येतो. ऑक्टोबर जानेवारीच्या आधी. सेल लाल होत नाही, सूचना येत नाही, रकाना नीटनेटका दिसत राहतो.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. कोणतीही अलाइनमेंट दिलेली नसेल तर आकडे, आणि म्हणून खऱ्या तारखा, सेलच्या उजव्या कडेला टेकतात आणि मजकूर डाव्या कडेला. एक्सेलमध्ये रकान्याला फिल्टर लावून बाण दाबला की खऱ्या तारखा वर्ष आणि महिन्यांच्या गटांत बसलेल्या दिसतात, तर मजकूर असलेल्या तारखा गटांबाहेर सुट्या राहतात. शंभर-दोनशे ओळींच्या पत्रकासाठी फिल्टरची ही नजरतपासणी मला सर्वांत भरवशाची वाटते. सूत्राने पाहायचे तर =इझनंबर(डी२) लिहून ते खालपर्यंत ओढावे आणि जिथे "फॉल्स" येते त्या ओळी बाजूला काढाव्यात.

आमच्या यादीत दोन्ही दुखणी एकत्र होती. अमेरिकी मांडणीच्या संगणकावर दिवस-महिना-वर्ष या क्रमाने टंकित केलेल्या रकान्याचे दोन भाग पडतात. दिवस १ ते १२ यांपैकी असेल तर संगणकाला तो महिना म्हणून चालतो, त्यामुळे १२/०६ चा सहा डिसेंबर होतो आणि सेल उजवीकडे टेकतो. दिवस १३ किंवा त्याहून मोठा असेल तर तेरावा महिना अस्तित्वात नसल्यामुळे संगणक हार मानतो, ते लिखाण मजकूर म्हणून ठेवतो आणि सेल डावीकडे टेकतो. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे, आणि उजवीकडच्या सगळ्या तारखांमध्ये दिवसाचा आकडा बारापेक्षा मोठा कुठेच नाही, असे चित्र दिसले की निदान झाले. डावीकडच्या तारखा दुरुस्त करण्याकडे आपले लक्ष लगेच जाते. उलटून बसलेल्या उजवीकडच्या तारखा मात्र निर्दोष दिसतात आणि त्याच जास्त घातक असतात.

या अवस्थेतला रकाना एका सूत्राने सुधारता येतो. शेजारच्या मोकळ्या रकान्यात लिहावे: =इफ(इझनंबर(डी२), डेट(इयर(डी२), डे(डी२), मंथ(डी२)), डेट(राइट(डी२,४), मिड(डी२,४,२), लेफ्ट(डी२,२))). सेलमध्ये आकडा असेल तर दिवस आणि महिना यांची मुद्दाम अदलाबदल करावी. मजकूर असेल तर शेवटची चार अक्षरे वर्ष, चौथ्या अक्षरापासून दोन अक्षरे महिना आणि पहिली दोन अक्षरे दिवस असे कापून त्यांची खरी तारीख बनवावी, असे हे सूत्र सांगते. मजकूर दोन-दोन-चार अंकांचा असेल तरच ते नीट चालते, आणि संपूर्ण रकाना त्याच एका संगणकावर भरला गेला होता याची खात्री असेल तरच ते वापरावे. काही ओळी नंतर कोणी दुसऱ्या संगणकावर भरल्या असतील तर त्यांतल्या बरोबर असलेल्या तारखा या सूत्राने उलट बिघडतील. आम्ही सूत्र चालवल्यावरही प्रत्येक ओळ मूळ पॉलिसीशी ताडून पाहिली.

केवळ टिंबांची अडचण असेल तर एवढे करण्याची गरज नसते. एक्सेलच्या "डेटा" टॅबमध्ये "टेक्स्ट टू कॉलम्स" आहे. रकाना निवडून त्याच्या तिसऱ्या पायरीवर "डेट" आणि दिवस-महिना-वर्ष हा क्रम निवडला की बहुतेक मजकूर जागेवरच खऱ्या तारखांत बदलतो.

दोन अंकी वर्षही असेच फसवते. एक्सेलच्या रूढ नियमानुसार ०० ते २९ ही वर्षे २००० नंतरची आणि ३० ते ९९ ही १९०० नंतरची धरली जातात. ही सीमा विंडोजच्या मांडणीवर ठरते आणि काही संगणकांवर ती पुढे सरकलेली असते. आंब्याची बाग पाच वर्षांच्या कराराने घेणाऱ्याने समाप्तीची तारीख ३१-०३-३० अशी लिहिली, तर जुन्या सीमेच्या संगणकावर तो करार १९३० सालीच संपलेला असतो. वर्ष चार अंकीच लिहावे. आणि शक्य असेल तिथे दिवस-महिन्याचा वाद संपवणारी वर्ष-महिना-दिवस ही मांडणी वापरावी. ती आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाची मांडणी आहे आणि २०२५-०६-१२ असे लिहिलेले असेल तर ते चुकून मजकूर राहिले तरी अक्षरांचा क्रम आणि दिवसांचा क्रम एकच येतो.

तुलनेची सूत्रे

रकाना शुद्ध झाला की सूत्रे फार लागत नाहीत. दोन कागदांपैकी आधी संपणाऱ्या कागदाची तारीख =मिन(सी२:डी२) सांगते. पण मिन हे फंक्शन मजकूर असलेला सेल गुपचूप वगळते, म्हणून मी ते एकटे वापरत नाही. =इफ(काउंट(सी२:डी२)=२, मिन(सी२:डी२), "तपासा") असे लिहितो. काउंट केवळ आकडे मोजते. दोन्ही सेलमध्ये खऱ्या तारखा असतील तरच उत्तर येते, नाहीतर "तपासा" हा शब्द उमटतो. आमच्या पत्रकात हे सूत्र आधीपासून असते तर टिंबांच्या आणि डावीकडच्या तारखा पहिल्याच दिवशी दिसल्या असत्या आणि मग उलटलेल्या तारखांचाही माग लागला असता.

ठरावीक दिवसाशी तुलना करताना तो दिवस डेट फंक्शनने लिहावा: =डी२>=डेट(२०२५,८,१). अवतरण चिन्हांत "०१/०८/२०२५" लिहिले तर एक्सेल त्याला मजकूर मानते, मजकूर आकड्यापेक्षा नेहमी मोठा, म्हणून प्रत्येक नौकेचा विमा अपुरा ठरतो. अवतरण चिन्हे न देता १/८/२०२५ लिहिले तर तो भागाकार होतो. एकाला आठाने आणि मग २०२५ ने भागून येणारी शून्याजवळची संख्या कोणत्याही तारखेपेक्षा लहान, म्हणून प्रत्येक नौकेचा विमा पुरेसा ठरतो. दोन्ही वेळा रकान्यात एकच उत्तर वरपासून खालपर्यंत दिसते, आणि तीच या चुकीची खूण आहे.

वेळेचा भाग तारखेच्या आकड्यात दशांश म्हणून बसतो. दुपारी बारा म्हणजे ०.५, संध्याकाळी साडेसहा म्हणजे सुमारे ०.७७. सदस्यांकडून गूगल फॉर्मवर माहिती मागवली की प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का येतो. "३१ जुलैपर्यंत आलेले अर्ज" मोजताना <=डेट(२०२५,७,३१) असे लिहिले तर ३१ जुलैला संध्याकाळी आलेला अर्ज गळतो, कारण त्याचा आकडा ४५८६९ नसून ४५८६९.७७ असतो. तिथे <डेट(२०२५,८,१) लिहावे, किंवा तुलनेआधी इंट फंक्शनने दशांश काढून टाकावा. दोन तारखा डोळ्यांना सारख्या दिसत असूनही "बरोबर" हे चिन्ह त्यांना समान मानत नसेल तर हा लपलेला दशांश शोधावा. याच कारणासाठी मुदतीच्या कामात तारखेसोबत वेळही देणाऱ्या नाऊ ऐवजी केवळ तारीख देणारे टुडे हे फंक्शन वापरतात.

मुदत जवळ आलेल्या ओळी रंगवण्यासाठी कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये सूत्राचा नियम देता येतो: =अँड(इझनंबर($डी२), $डी२-टुडे()<=३०). यातला इझनंबरचा भाग अनावश्यक वाटतो, पण रिकाम्या सेलची किंमत शून्य धरली जाते आणि शून्य आजच्या तारखेपेक्षा कितीतरी मागे असल्यामुळे तो भाग नसेल तर पत्रकातल्या सगळ्या रिकाम्या ओळी लाल होतात.

दोन कालखंड एकमेकांवर येतात का, हा प्रश्न किनाऱ्यावर घरगुती निवास चालवणाऱ्यांना रोज पडतो. तारकर्लीला किंवा गुहागरला एका खोलीसाठी २७ ते ३० डिसेंबरची नोंदणी झाली आहे आणि दुसरे कुटुंब ३० ला येऊन १ जानेवारीला जाऊ म्हणते. खोली देता येईल का? अनेक जण यासाठी चार-पाच अटी लिहितात, पण दोनच पुरतात. नव्याचे येणे जुन्याच्या जाण्याआधी असेल आणि जुन्याचे येणे नव्याच्या जाण्याआधी असेल, तरच दोन्ही मुक्काम एकमेकांवर येतात. नोंदवहीत बी रकान्यात येण्याच्या आणि सी रकान्यात जाण्याच्या तारखा असतील आणि नवी मागणी एफ१ व जी१ मध्ये लिहिली असेल, तर =काउंटइफ्स(बी:बी,"<"&जी१, सी:सी,">"&एफ१) याचे उत्तर शून्य आले म्हणजे खोली मोकळी. वरच्या उदाहरणात ३० तारीख ३० पेक्षा मोठी नाही, म्हणून उत्तर शून्य येते आणि सकाळी रिकामी झालेली खोली दुपारी देता येते. हेच सूत्र विम्याला लावायचे तर चिन्हे बदलावी लागतात, कारण पॉलिसीवर लिहिलेला शेवटचा दिवस संरक्षणात धरलेला असतो; तिथे < च्या जागी <= आणि > च्या जागी >= येते. शेवटचा दिवस आत की बाहेर, हे व्यवहार ठरवतो, स्प्रेडशीटला ते कळत नाही.

बागायतदारांसाठी असाच एक उपयोग. कलमांवरची शेवटची फवारणी आणि आंबा काढणे यांत औषधाच्या लेबलवर दिलेले दिवस जावे लागतात. फवारणीच्या नोंदवहीतून त्या बागेची सर्वांत अलीकडची तारीख मॅक्सइफ्सने मिळते, तिच्यात लेबलवरचे दिवस मिळवले की काढणीचा सर्वांत लवकरचा दिवस येतो. एखाद्या बागेची नोंदच नसेल तर मॅक्सइफ्स शून्य देते आणि मग काढणीला परवानगी असल्याचे भासते. नोंद नाही आणि फवारणी नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून शून्य आल्यास "नोंद नाही" असे लिहिणारी अट त्यात घालावीच.

पूर्ण झालेली वर्षे किंवा महिने मोजण्यासाठी डेटडिफ आहे; नावाच्या शेवटी एकच एफ. लोटसच्या काळापासून ते चालत आले असून एक्सेल त्याचे नाव टंकित करताना सुचवत नाही, पण ते चालते. सुरुवात शेवटाच्या नंतरची असेल तर ते चूक दाखवते. कामाचे दिवस मोजायला नेटवर्कडेज आहे आणि सुट्यांची यादी त्याला आपण द्यायची असते. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणून तिथे हे फंक्शन सरळ लागू पडते. बँका मात्र १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात आणि असा नियम त्यात नाही. तिथे नेटवर्कडेज डॉट इंटल हे भावंड घेऊन त्याला केवळ रविवारची सुटी सांगणारा ११ हा क्रमांक द्यावा आणि ते शनिवार सुट्यांच्या यादीत घालावेत. नारळी पौर्णिमा, गणेश चतुर्थी, शिमगा यांच्या तारखाही यादीतूनच द्याव्या लागतात. तिथी स्प्रेडशीटला ठाऊक नाही.

मॅक्रो कधी आणि कसा

मॅक्रो म्हणजे ठरलेली पावले आपोआप टाकणारा छोटा प्रोग्रॅम. एका पत्रकातल्या तुलनेसाठी मॅक्रो लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सूत्र सेलमध्ये दिसते, पुढच्या माणसाला ते वाचता येते. मॅक्रो पडद्यामागे असतो. मात्र दर महिन्याला तीच पाच-सहा पावले टाकायची असतील, म्हणजे सोसायटीची यादी आणि बाहेरून आलेली यादी नोंदणी क्रमांकावरून जुळवणे, समाप्तीच्या तारखा ताडणे, न जुळणाऱ्या ओळी वेगळ्या पानावर काढणे, तर मॅक्रोने वेळ वाचतो आणि एखादे पाऊल विसरत नाही.

एक्सेलचे मॅक्रो ज्या व्हीबीए भाषेत लिहितात तिच्यात तारखांची एक खोड आहे. तिची मूळ समजूत अमेरिकी आहे. दोन हॅश चिन्हांमध्ये लिहिलेली तारीख नेहमी महिना-दिवस-वर्ष अशीच वाचली जाते, तुमचा संगणक भारतीय मांडणीचा असला तरी. मॅक्रोने सेलमध्ये तारीख मजकुराच्या रूपात लिहिली, किंवा मॅक्रोतून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर) फाइल उघडली, तरी तोच क्रम लागू होतो. फाइल उघडताना "लोकल" हा पर्याय "ट्रू" केला तर संगणकाची स्वतःची मांडणी पाळली जाते. सीडेट हे रूपांतराचे फंक्शन उलट संगणकाची मांडणी पाहते, आणि ती लागू पडत नसेल तर न विचारता दुसरा क्रम वापरून पाहते, त्यामुळे चूक कळतच नाही. या सगळ्यांतून सुटण्याचा मार्ग म्हणजे डेटसीरियल: वर्ष, महिना आणि दिवस हे तीन आकडे वेगवेगळे द्यायचे. अंदाजाला जागा उरत नाही. सेलमधून तारीख उचलताना व्हॅल्यू ऐवजी व्हॅल्यू२ वापरले की थेट क्रमांक हाती येतो आणि तो आकडा आहे की मजकूर हे मॅक्रोला तिथल्या तिथे तपासता येते.

व्हीबीएमधल्या डेटडिफच्या शेवटी दोन एफ आहेत आणि त्याचे गणित सेलमधल्या एक-एफच्या डेटडिफहून वेगळे आहे. ते पूर्ण वर्षे मोजत नाही, वर्षाच्या किती सीमा ओलांडल्या ते मोजते. ३१ डिसेंबर २०२४ ते १ जानेवारी २०२५ यांत त्याच्या हिशेबाने एक वर्ष आहे. सेलमधले फंक्शन शून्य सांगते. खलाशाचे वय किंवा नौकेचे आयुष्य मॅक्रोतून काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मॅक्रो चालला की "अनडू" सहसा उपयोगी पडत नाही, म्हणून आधी फाइलची प्रत काढावी. मॅक्रो असलेली फाइल एक्सएलएसएम या प्रकारात साठवावी लागते, आणि इंटरनेटवरून किंवा ईमेलने आलेल्या फायलींमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपोआप रोखायला सुरुवात केली आहे. मॅक्रो चालत नाही अशी तक्रार आल्यास बहुतेक वेळा कारण तेवढेच असते. गूगल शीट्समध्ये या कामासाठी ॲप्स स्क्रिप्ट आहे. ती जावास्क्रिप्टवर चालत असल्यामुळे तिथे जानेवारीचा क्रमांक शून्य आणि जूनचा पाच असतो, आणि दोन तारखा समान आहेत का हे थेट विचारले तर उत्तर नेहमी नकारार्थी येते, कारण ती दोन वेगळ्या वस्तूंची तुलना करते. दोन्हींवर गेटटाइम वापरून त्यांचे आकडे ताडावे लागतात. स्क्रिप्टचा आणि पत्रकाचा टाइम झोन वेगळा असेल तर मध्यरात्रीच्या तारखा एका दिवसाने मागे सरकू शकतात, म्हणून दोन्हीकडे भारतीय वेळच आहे ना ते सेटिंग्जमध्ये पाहून घ्यावे.

आमचा मॅक्रो न जुळणाऱ्या नौकांची यादी नव्या पानावर काढतो आणि वरच्या कोपऱ्यात यादी काढल्याचा दिवस लिहितो. तो दिवस टुडे फंक्शनने लिहिलेला नाही; मॅक्रो त्या दिवसाचा क्रमांक कायमचा त्या सेलमध्ये ठेवतो. हाताने करायचे असेल तर कंट्रोल धरून अर्धविरामाची कळ दाबली की तेच होते. टुडे लिहिले असते तर ३१ जुलैला काढलेली यादी गणपतीनंतर उघडली की तिच्यावर गणपतीनंतरचीच तारीख दिसली असती, आणि तोवर कोणाचा विमा किती दिवसांपूर्वी संपला होता हे त्या कागदावरून कोणालाच सांगता आले नसते.